उपासनेंतील उल्हास

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड हें गांव आहे. संत जनाबाई या गांवच्या. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा जिला मान देते ती नरसीहि पूर्वीं याच जिल्ह्यांत मोडत असे; १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा झाला आणि ती तिकडे गेली. शेगांवाहून पंढरपुरास निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी आणि गंगाखेड याच वाटेनें जाते. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला भक्ति म्हणजे काय हें शब्दांनीं सांगावें लागत नाहीं. टाळ वाजत असतात, पखवाजावर थाप पडते, साठी उलटलेला म्हातारा पावली खेळतो, आणि त्याच्या वयाकडे पाहून कोणी हंसत नाहीं. देवापुढें आनंद झाला तर तो अंगभर व्हावा, ही या मातीची जुनी शिकवण आहे.

अशा प्रदेशांतला मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे त्यानें आपल्या हातांचें आणि पायांचें काय करावें? प्रश्न वरवर विनोदी वाटेल. परंतु गेल्या दोनशें वर्षांत मराठी ख्रिस्ती समाजाला त्यानें पुष्कळ विचार करावयास लावलें आहे. नवा धर्म स्वीकारतांना जुनी श्रद्धा सोडावयाची, हें उघड आहे. पण टाळ ही श्रद्धा आहे कीं वाद्य? ओवी हा धर्म आहे कीं छंद? आणि आनंद अनावर होऊन वाजविलेली टाळी कोणत्या धर्माची समजावयाची?

मराठवाड्यांत या प्रश्नाला एक निराळीच धार होती. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण गृहस्थांनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें निजामाच्या राज्यांतील जालना हें आपलें कार्यक्षेत्र केलें. जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत उभारली. हा मुलूख परभणीच्या शेजारचाच. १९८१ सालीं जालना जिल्हा स्थापन झाला तेव्हां परतूर तालुका परभणींतूनच तिकडे गेला. या भागांत ख्रिस्ताकडे वळलेले लोक बहुतांशीं मांग आणि महार समाजांतले होते. गांवकुसाबाहेर त्यांची वस्ती. देवळाच्या पायरीवर पाऊल टाकण्याची त्यांना मनाई. पण गांवांत लग्न निघालें, कीं हलगी आणि सनई वाजविण्यास मांगवाड्यांतलेच हात लागत. दुसऱ्यांच्या आनंदाला ताल देण्याचें काम ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या केलें, त्यांना स्वतःचा आनंद घेऊन देवाच्या अंगणांत उभें राहण्याचा अधिकार नव्हता. म्हणून प्रार्थनामंदिराचें दार त्यांच्यासाठीं उघडलें, तेव्हां त्यांच्या उल्हासाचा प्रश्न केवळ संगीताचा राहिला नाहीं. तो मनुष्यपणाचा झाला. माणसाला आंत घ्यावयाचें, पण त्याचा आवाज दाराबाहेर ठेवावयास सांगावयाचें, तर त्याला पुरतें आंत घेतलें असें म्हणतां येईल काय?

परदेशी मिशनऱ्यांचा दोष दाखविणें येथें सोपें आहे, परंतु तें सर्वस्वीं न्यायाचें होणार नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले उपदेशक १८१३ सालीं मुंबईस आले. १८३१ सालीं त्यांचें ठाणें अहमदनगरास बसलें. ज्या समाजांतून हे लोक आले त्यांत उपासना म्हणजे गांभीर्य अशी समजूत होती. बांकावर ताठ बसावें, उभें राहून स्तोत्र म्हणावें, मान लववून प्रार्थना करावी, आणि मन कितीहि हेलावलें तरी तें चेहऱ्यावर दिसूं देऊं नये. आपल्या घरीं जें पवित्र वाटलें तेंच त्यांनीं प्रेमानें येथें आणलें. स्तोत्रांचीं भाषांतरें झालीं आणि तीं मूळच्या चालींत बसविण्यांत आलीं. परंतु इंग्रजी चाल शब्दांतील आघातावर चालते, आणि मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या हिशेबावर. त्यामुळें जेथें अक्षर ऱ्हस्व तेथें चाल लांबावयाची, आणि जेथें तें दीर्घ तेथें गाणाऱ्याला तें घाईनें गिळावें लागावयाचें. अर्थ शुद्ध होता, हेतु शुद्ध होता. पण गाणें ओठांवर परक्यासारखें बसे.

शिवाय ज्या ग्रंथाच्या आधारावर ही शांतता उभी होती, तो ग्रंथ स्वतः कांहीं फारसा शांत नाहीं. स्तोत्रसंहितेचें शेवटचें, म्हणजे दीडशेंवें स्तोत्र उघडलें, तर त्यांत कर्णा, वीणा, डफ, तंतुवाद्यें, बांसरी आणि झांजा यांची सबंध बैठकच भरलेली दिसते. नृत्यालाहि तींत जागा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत दावीद राजाची कथा आहे. देवाचा कोश यरुशलेमांत आणतांना हा राजा राजवैभवाची पर्वा न करतां मिरवणुकींत नाचला. त्याची राणी मीखल खिडकींतून पाहत होती. तिला त्याची लाज वाटली, आणि तो घरीं येतांच तिनें त्याला टोंचून बोलून घेतलें. राजाचें उत्तर नम्र होतें, पण ठाम होतें: आपण नाचलों तें देवासमोर. ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासांत मीखलेची ती खिडकी कधींच बंद झालेली नाहीं. अंगणांत कोणी नाचूं लागला, कीं खिडकींत कोणी तरी उभें असतेंच.

मराठी भाषेपुरतें पाहिलें तर या प्रश्नाचें पहिलें मोठें उत्तर गोंव्यांत मिळालें, आणि तें देणारा एक इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोंव्यास आला आणि पुढील चाळीस वर्षें, मरेपर्यंत, तेथेंच राहिला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुन्या पोथ्या काढून घेण्यांत आल्या होत्या, आणि त्यांच्या जागीं दुसरें कांहीं दिलें नव्हतें. ज्यांच्या कानांना पुराण ऐकण्याची सवय, त्यांचे कान रिकामे राहिले. स्टीफन्सनें ही उणीव ओळखली. त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें, आणि १६१६ सालीं तें रोमन लिपींत छापून निघालें. पुराण ज्या रीतीनें गाऊन वाचावयाचें त्याच रीतीनें तें देवळांत वाचलें जाई. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें, तरी हें पुराण मेलें नाहीं. गोंव्याहून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें जपलें, आणि १९०७ सालीं मंगळुरास त्याची नवी आवृत्ति निघाली. लोकांच्या तोंडीं बसलेलें गाणें हुकुमानें पुसतां येत नाहीं, हा या कथेचा बोध आहे.

घाटावर हीच वाट अहमदनगरच्या प्रॉटेस्टंट मंडळींनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धरली. त्यांनीं कीर्तनाला हात घातला. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यांच्यांतले नामांकित कवि व कीर्तनकार. कीर्तनाची बैठक जुनीच: आधीं तत्त्वाचें निरूपण, मग आख्यान, मध्यें मध्यें पदें आणि मागें साथीची वाद्यें. आख्यान मात्र शुभवर्तमानांतलें. प्रवचनांत श्रोता केवळ ऐकत असतो. कीर्तनांत तो धृपद उचलतो, टाळी धरतो, हंसतो, डोळे पुसतो. जो इतरत्र नुसता कान होता तो येथें कंठ झाला. मराठी मंडळीच्या इतिहासांत हें लहानसहान स्थित्यंतर नव्हे.

याच अहमदनगरांत नारायण वामन टिळक येऊन राहिले. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा त्यांचा जन्म, साल १८६१. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढें पांच वर्षांनीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनींहि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळांत या घरावर काय गुदरलें तें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या मराठी वाचकाला सांगावयास नको. टिळकांची अशी धारणा होती, कीं आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकोबांच्या पुलावरून. ही केवळ कविकल्पना नव्हती. ज्या पुलावरून माणूस आला तो जाळण्याचें त्याला कारण नाहीं, हा तिचा व्यवहारी अर्थ होता. त्यांनीं अभंग लिहिले, भजनें लिहिलीं, मराठी मात्रांत आणि मराठी चालींत बसणारीं स्तोत्रें लिहिलीं. ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहांत त्यांच्या रचना मोठ्या संख्येनें आहेत, आणि ज्यांनीं टिळकांचें दुसरें कांहीं वाचलें नाहीं अशा खेड्यांतल्या बायाहि त्या पाठ म्हणतात. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही भक्तमंडळी सुरू केली. दोन वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, ते वारले. दरबार अल्पायुषी ठरला. गीतें ठरलीं नाहींत.

टिळकांच्या भजनांतला आनंद गोड आहे, संयत आहे. खिडकींतली मीखल त्याला फारसें नांव ठेवणार नाहीं. परंतु टिळक अहमदनगरास असतांनाच तेथून फार दूर नसलेल्या केडगांवीं असें कांहीं घडलें, कीं जेणेंकरून ही खिडकी सताड उघडली. केडगांवचें ‘मुक्ति’ हें सदन पंडिता रमाबाईंचें. रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. आईबापांबरोबर गांवोगांव, तीर्थोतीर्थीं पुराण सांगत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून, आणि १९०० च्या सुमारास गुजराथेंतून शेंकडों निराधार मुली व विधवा केडगांवास आणल्या. त्यांतल्या कित्येकींनीं उपास काढले होते, मारहाण सोसली होती. मेलेलीं आईबापें पाहिलीं होतीं. मोठ्यानें रडण्याचीसुद्धां ज्यांना सोय नव्हती अशा या मुली.

१९०४ सालीं वेल्समध्यें धार्मिक संजीवनाची लाट उठली. पुढल्या वर्षीं खासी टेंकड्यांतल्या मंडळ्यांतहि ती दिसूं लागली. रमाबाईंनीं १९०५ च्या आरंभीं मुक्तींत रोजच्या खास प्रार्थनेचा परिपाठ घातला. जूनच्या अखेरीस एके दिवशीं त्या नेहमींच्या शांत पद्धतीनें शास्त्रवचन समजावून देत असतां मुली एकाएकीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. एक नव्हे, सगळ्या. आणि एकापाठोपाठ नव्हे, एकदम. रमाबाईंना बोलणें थांबवावें लागलें. पुढें कित्येक दिवस हेंच चाललें. आधीं अश्रु होते, पापाची कबुली होती, आक्रोश होता. मग तो ओसरे, आणि त्याच मुली हंसूं लागत, गात, टाळ्या वाजवीत, कांहीं नाचतहि.

बातमी पसरली तशी टीकाहि झाली. हा भावनेचा उद्रेक आहे, दुबळ्या मनांना लागलेला छंद आहे, उपासनेला हें शोभत नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांतले कित्येक रमाबाईंचे हितचिंतकच होते. रमाबाई स्वभावानें चिकित्सक. संस्कृतांत वाढलेल्या, वादविवादांत मुरलेल्या या बाईला हें दृश्य प्रथमदर्शनीं सोपें वाटलें नसेल, पण त्यांनीं विचारपूर्वक भूमिका घेतली. परदेशी शिष्टाचाराचें माप लावून हा ओघ अडवूं नये; देवाचें काम या देशांतल्या लोकांत व्हावयाचें, तर तें त्यांच्या प्रकृतीला साजेल अशा रीतीनेंच होणार, असें त्यांनीं मांडलें. यावर त्या थांबल्या नाहींत. उल्हासाची खरी परीक्षा तो ओसरल्यानंतर होते, हें त्या जाणून होत्या. प्रार्थना करणाऱ्या या मुलींच्या टोळ्या आसपासच्या गांवीं शुभवर्तमान सांगावयास जाऊं लागल्या. ज्या कालपर्यंत दयेचा विषय होत्या, त्या आज सांगणाऱ्या झाल्या.

या घटनेचे पडसाद कोठवर गेले हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. मुक्तींत काम करणाऱ्या मिनी एब्रॅम्स या अमेरिकन बाईंनीं १९०६ सालीं तेथील अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत त्यांनीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत असलेल्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीला, मे हूव्हर यांना, धाडली. ती वाचून हूव्हर पतिपत्नींनीं तेथील मेथॉडिस्ट मंडळींत तशीच प्रार्थना सुरू केली, आणि १९०९ सालीं व्हाल्पारायझो शहरीं संजीवनाचा उद्भव झाला. त्यांतून चिलींतल्या पेन्टेकॉस्टल मंडळ्या जन्मास आल्या. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं अझूसा रस्त्यावर १९०६ सालीं ज्या प्रसिद्ध सभा सुरू झाल्या, त्यांच्याहि आधींची ही केडगांवची हकीकत आहे. उल्हासमय उपासना म्हणजे अलीकडे परदेशांतून आलेलें खूळ, असें समजणाऱ्यांनीं हा कालक्रम ध्यानांत ठेवावा.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या घरांत टाळ्यांचा कडकडाट झाला त्याच घरांत रमाबाई इब्री आणि ग्रीक भाषा घेऊन बसल्या होत्या. सबंध बायबल मुळावरून सोप्या मराठींत आणण्याचें काम त्यांनीं एकटीनें अंगावर घेतलें आणि पुष्कळ वर्षें चालविलें. तें मुक्तीच्याच छापखान्यांत छापलें गेलें, आणि खिळे जुळविणारे हात तेथल्या बायकांचे होते. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या. ग्रंथ पुरा छापून १९२४ सालीं बाहेर पडला. भावनेचा पूर आला कीं बुद्धि वाहून जाते, हा आक्षेप केडगांवपुरता तरी टिकत नाहीं. तेथें नाचणारे पाय आणि खिळे जुळविणारीं बोटें एकाच छपराखालीं नांदलीं.

असें असलें तरी मीखलेच्या खिडकींतून दिसणारें सगळेंच खोटें नसतें. उल्हासाचा देखावा करतां येतो. शेजारी नाचतो म्हणून नाचणारे असतात, आणि स्तब्ध बसलेल्याची भक्ति उणी मानणारेहि असतात. पौलानें करिंथ येथील मंडळीला पहिलें पत्र लिहिलें, त्यांत उत्साहाला मज्जाव केला नाहीं. पण एकाच्या उत्साहानें दुसऱ्याची उभारणी व्हावी आणि सर्व कांहीं व्यवस्थेनें व्हावें अशी अट घातली. आज मराठी मंडळ्यांतून पेटी आहे, तबला आहे, ढोलकी आहे. कित्येक ठिकाणीं विजेवर चालणारीं वाद्यें आणि ध्वनिवर्धकहि आहेत. आवाज वाढविणें आतां अगदीं सोपें झालें आहे. परंतु यंत्राची कळ फिरविल्यानें आवाज वाढतो, आनंद वाढत नाहीं. आणि एखादी म्हातारी कोंपऱ्यांत डोळे मिटून, ओठ न हलवितां बसली असेल, तर तिच्या मनांत काय चाललें आहे हें ढोलकीवाल्याला कळण्याचें साधन नाहीं. मौनालाहि उपासनेंत हक्काची जागा आहे. तें लादलेलें मात्र नसावें.

या बाबतींत मराठी ख्रिस्ती मनुष्याला दूर जाऊन धडा घ्यावयास नको. परभणीच्या रस्त्यावरून जाणारी दिंडी पाहावी. वरवर पाहणाराला तींत नुसता गजर दिसतो. पण जवळ जाऊन पाहिलें तर तेथें कडक शिस्त आहे. टाळकऱ्यांच्या रांगा आहेत, पखवाजाचा ठेका आहे, पावलीचीं पावलें मोजून पडतात. हजार माणसें आनंदानें बेभान झालेलीं दिसतात, परंतु एकाचाहि टाळ चुकीच्या मात्रेवर पडत नाहीं. पडलाच तर शेजारचा माणूस नुसत्या नजरेनें त्याला सांवरून घेतो. जेथें प्रत्येकानें दुसऱ्याचें ऐकावयाचें असतें तेथें उल्हास आणि व्यवस्था यांचें भांडण उरत नाहीं.

टाळ हें मोठें साधें वाद्य आहे. धातूच्या दोन वाट्या आणि त्यांना बांधणारी एक दोरी. एकच वाटी हातांत धरून कोणी कितीहि हलविली तरी नाद निघावयाचा नाहीं. मराठवाड्यांतल्या एखाद्या गांवीं नाताळच्या रात्रीं प्रार्थनामंदिरांत टाळ वाजतो, तेव्हां एका वाटींत नामदेव-जनाबाईंच्या मुलखाची शतकांची संवय असते आणि दुसरींत बेथलेहेमची वार्ता. तो वाजविणाऱ्याचा पणजोबा कदाचित् दुसऱ्यांच्या लग्नांत हलगी बडवून दाराबाहेर उभा राहिला असेल. पणतू आंत आहे, आणि आज घरचें कार्य त्याचें स्वतःचें आहे. त्याचा आवाज थोडा चढला, तर खिडकींतल्यांनीं तेवढें समजून घ्यावें.